नाव कोणाचं, पैसे कोणाचे?

परवा ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "हिंजवडीचा प्लॉट तुझा कसा रे? पैसे तर बाबांनी भरले ना?" मी चिडलो. "कागदावर माझं नाव आहे," म्हणालो आणि फोन ठेवला. झोप मात्र उडाली.

कारण खरेदीखत १९८७ सालचं आहे. तेव्हा मी सहावीत होतो! पैसे बाबांच्या फंडातले, पालक म्हणून सहीही त्यांचीच. तेव्हा हिंजवडी म्हणजे नुसती शेतं. दादाच्या नावे गावाकडे जागा घेतली, तिला आजही फारसा भाव नाही. आणि ताई? "तिचं लग्नात केलं की!" हे आमच्याकडचं ठरलेलं उत्तर.

एका वकील मित्राला विचारलं. बेनामी व्यवहारांचा कायदा १९८८ चा, २०१६ मध्ये तो कडक झाला. पण बापाने स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून मुलाच्या नावे घेतलेली मालमत्ता त्यात बेनामी धरत नाहीत. मी खूश झालो, तर तो म्हणाला, "थांब. म्हणून ती आपोआप तुझी होत नाही. भांडण कोर्टात गेलं तर पैसे कोणाचे, ताबा कोणाचा, घेण्यामागे हेतू काय, हे सगळं बघतात." प्लॉट माझा ठरला तर ताईला शून्य. बाबांचा ठरला तर, आई आता नाही आणि मृत्युपत्रही नाही, म्हणजे तिघांना सारखा वाटा.

सगळं अडलंय ते हेतूवर. आणि तो सांगणारा माणूस गेला.

मला वाटतं, मुलांच्या नावे जागा घेणाऱ्या आईबापांनी कोणाला काय आणि का दिलं, हे सगळ्या मुलांना समोर बसवून एकदा सांगावं. आणि मृत्युपत्र करावं. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. बाबांना वाटलं असेल, पोरं समजूतदार आहेत.

आहोत का? ज्याचं नाव कागदावर आहे, त्यानेच आधी बोलायला हवं असं मला आता वाटतं. ज्याचं नाव नाही त्याने विचारलं की ती हाव दिसते. ताईला विचारावं लागलं, याचीच मला लाज वाटतेय.

असो. येत्या रविवारी दादाकडे तिघं बसतोय. खरेदीखत मी घेऊन जाणार आहे.