गाव घरी असताना मोजा

प्रति,
मा. महानिबंधक आणि जनगणना आयुक्त,
भारत सरकार, नवी दिल्ली



सोळा वर्षांनी तुमचे प्रगणक पुन्हा आमच्या दारात येणार. १ मार्च २०२७ चा शून्य तास धरून देशाची शिरगणती होणार, या खेपेला मोबाइलवर, आणि १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जात विचारून. जातीच्या रकान्यावर बोलायला पुष्कळ लोक आहेत. मला बोलायचं आहे ते तारखेबद्दल.

पत्र म्हसवडहून लिहितो आहे. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, माणगंगेच्या काठचं हे गाव. नदीत पाणी दिसलं की लोक पुलावर बघायला जातात, एवढं सांगितलं तरी पावसाचा अंदाज यावा. घाटमाथ्यावर कोसळून उरलेला पाऊस आमच्याकडे येतो. वर्षाचा पाचशे मिलिमीटरच्या आसपास झाला तर साल बरं गेलं म्हणायचं. ज्वारी, बाजरी, मेंढरं आणि खिलार जनावरं यांच्यावर हे गाव जगलं. तरीही तुमच्या दफ्तरी ते 'शहर' आहे, कारण इथे नगरपालिका आहे आणि तीही १८५७ ची. साताऱ्याचं राज्य खालसा होऊन जेमतेम नऊ वर्षं झाली होती आणि उत्तरेत तोफा धडाडत होत्या, त्या साली म्हसवडला पालिका मिळाली. बाजारपेठ होती, सिद्धनाथाचं ठाणं होतं, माने देशमुखांचा जुना दरारा होता. (संताजी घोरपड्यांच्या खुनाशी ज्यांचं नाव कायमचं चिकटलं ते नागोजी माने इथलेच. इतिहासात गावाचं नाव कशामुळे यावं हे गावाच्या हातात नसतं.) गंमत अशी की आजच्या कायद्याप्रमाणे नवी नगरपरिषद करायची तर पंचवीस हजार वस्ती लागते. २०११ च्या तुमच्या मोजणीत आम्ही भरलो चोवीस हजारांच्या घरात. म्हणजे १८५७ साली जे मिळालं, त्यासाठी आज अर्ज केला असता तर दारातूनच परत पाठवलं असतं.

१९०१ साली हेच गाव सात हजारांच्या आसपास होतं. मधल्या एकशे दहा वर्षांत साडेतीन पटीच्याही आत वाढ. देश त्याच काळात पाच पटीच्या आसपास गेला. आमच्याकडे पोरं कमी जन्मली असं नाही. जन्मलेली इथे राहिली नाहीत. जुने आकडे बघितले तर दर दोन-तीन दशकांनी एक खड्डा दिसतो. १८७६ ते ७८ चा दुष्काळ पहिल्या दोन जनगणनांच्या मधोमध पडला. त्याच दुष्काळी कामांतून म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव उभा राहिला, आणि त्याचं पाणी मुख्यतः आटपाडी-सांगोल्याकडे जातं हे दुखणं इथला म्हातारा माणूस अजून बोलून दाखवतो. १८९१ ला सव्वाबारा लाखांच्या घरात असलेला सातारा जिल्हा १९०१ ला साडेअकरा लाखांवर आला. प्लेग होता, दुष्काळ होता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानं तर १९११ ते २१ या दशकात अख्ख्या देशाची लोकसंख्या घटवली. १९७२ चा दुष्काळ बघितलेली माणसं अजून आहेत. खडी फोडलेले हात आणि सुकडीची चव, दोन्ही त्यांच्या लक्षात आहे. हे मेलेल्यांचे खड्डे. तुमच्या तक्त्यात ते दिसतात, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार जिवंत माणसांबद्दल आहे.

१८८१ ची शिरगणती १७ फेब्रुवारीला झाली, १८९१ ची २६ फेब्रुवारीला, १९०१ ची १ मार्चला. साहेब गेला, तारीख राहिली. यामागचा विचार उघड आहे: पाऊस संपलेला असतो, रस्ते मोकळे असतात, सुगी उरकलेली असते आणि शेतकरी घरी सापडतो. ज्याच्या रानात बारमाही पाणी आहे त्याच्याबाबत हे खरंही आहे. माणदेशात मात्र बरोबर उलटं चालतं. आमचा शेतकरी पेरणीला आणि काढणीला घरी असतो. रब्बीची ज्वारी बेताची असेल तर दिवाळीनंतर घराला कुलूप लागतं.

मेंढपाळ दिवाळी झाली की वाडा हलवतात. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर खुराड्यातल्या कोंबड्या, जाळीत नुकतं जन्मलेलं कोकरू, मागे बाया आणि पुढे मेंढरं. हा लवाजमा घाट उतरून कोकणात जातो तो मृगाच्या सुमाराला परततो. ऊसतोडीला जाणारी जोडपी साखर कारखान्यांच्या फडांत असतात, पाचटाच्या कोप्यांत. तरणी पोरं मुंबईला माथाडीत, मार्केटात. आणि गलाईवाले! सोनं-चांदी गाळणारी आमच्या आणि शेजारच्या खानापूर-आटपाडीच्या भागातली ही माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत पसरली आहेत. तुमच्या दिल्लीतही भेटतील. ती सिद्धनाथाच्या रथाला येतात. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथाचे दोर ओढायला इतकी गर्दी होते की गुलाल-खोबऱ्याच्या उधळणीत शेजारचा माणूस दिसत नाही. आठवड्याभरात सगळे पांगतात. तुमचा प्रगणक येतो तोपर्यंत गल्लीत म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं उरलेली असतात.

२०११ ला आमच्या गल्लीत प्राथमिक शाळेतले एक गुरुजी मोजणीला आले होते. भले माणूस. एका घरात आजी आणि दोन नातवंडं. गुरुजींनी विचारलं, मुलगा-सून कुठं आहेत? आजी म्हणाली, "कारखान्याव गेल्यात. पाडव्याला येत्यात की." गुरुजींनी नियम सांगितला: ९ ते २८ फेब्रुवारीच्या दरम्यान जो एकदाही घरी राहिला नाही, त्याची नोंद इथे नाही, जिथे असेल तिथे. नियम बरोबर होता. पाडवा ४ एप्रिलला होता. घरात तीन माणसं लागली.

ती दोघं फडावर तरी नोंदली गेली असतील का? टोळी पहाटे कोयते घेऊन बाहेर पडते ती रात्री गाडी कारखान्यावर खाली करून परतते. फड संपला की कोप्या मोडून दुसऱ्या शिवारात. दिवसा तिथे गेलेल्या माणसाला चुली आणि कुत्री सापडतील. समजा नोंद झाली, तरी ती माणसं त्या दुसऱ्या गावची होऊन बसतात. पाणी, रेशन, दवाखाना यांचा हिशेब त्या गावाच्या नावे, आणि कोयता संपला की माणसं आमच्याकडे. एप्रिल-मेमध्ये म्हसवड आणि आसपासच्या वाड्या-वस्त्या भरलेल्या असतात. नेमकं तेव्हाच विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि टँकरच्या खेपा माणशी लिटरांवर ठरतात. फेब्रुवारीचा आकडा घेऊन मे महिन्याचं पाणी वाटायचं, हा हिशेब चौथीतल्या पोरालाही पटणार नाही. त्यात २०२१ ची मोजणी झालीच नाही. अन्नसुरक्षेचा कोटा काय, पंधराव्या वित्त आयोगाचं वाटप काय, सगळं २०११ वर चाललं. त्या वेळी वगळली गेलेली माणसं वर्षानुवर्षं वगळलेलीच राहिली.

शहर कशाला म्हणायचं याचेही तुमचे निकष एकदा बघून घ्यावेत. पालिका नसलेल्या गावाला तुम्ही शहर म्हणता ते तीन गोष्टी बघून: वस्ती किमान पाच हजार, चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरचे. पुरुषांपैकी! आमची पालिका जुनी म्हणून आम्हाला हा काटा लागत नाही; पण ज्या गावांना लागतो तिथल्या बायका शेळ्या राखतात, खुरपायला जातात, बाजारात भाजी विकतात, शिवणयंत्र चालवतात, त्यांच्या कामानं गावाचं रूप बदलतं की नाही? म्हसवडमध्येच बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक काढली. आधी परवाना नाकारला गेला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर होत्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, आणि व्याजाचा तोंडी हिशेब आम्हाला घाला असं सांगायला पुन्हा गेल्या. १९९७ ला बँक सुरू झाली. अशा बाईला विचारल्यावर ती 'काही नाही, घरीच असते' असं सांगते आणि प्रगणक तेच टिपतो. तिला 'काय करता' असं न विचारता सकाळपासून काय काय केलं ते विचारा, उत्तर वेगळं येईल.

उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांचं पाणी आता माणमध्ये येऊ लागलं आहे. काही शिवारांत ऊस दिसतो, डाळिंब तर आधीपासून आहे. पाण्यामुळे माणसं परत येतात की पाणीवाल्यांची शेती वाढून बिनपाण्याचे आणखी लांब जातात, हे मला सांगता येत नाही. ते सांगू शकेल असं दफ्तर देशात फक्त तुमचं आहे. त्यासाठी स्थलांतराचे तक्ते मात्र लवकर छापा. गेल्या खेपेला ते यायला बरीच वर्षं लागली. तोवर ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं स्वतः कोयता घेऊन निघाली होती.

अख्ख्या देशाची तारीख आमच्यासाठी बदला, असं म्हणण्याइतका मी खुळा नाही. हिमाच्छादित भागासाठी तुम्ही वेगळी तारीख धरताच, १ ऑक्टोबर २०२६ ची. आमच्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे तो हक्क सांगता यायचा नाही. पण अनुसूचीत एक प्रश्न घालणं तुमच्या हातात आहे: गेल्या वर्षातले किती महिने तुम्ही या पत्त्यावर होता, आणि उरलेले कुठे? तेवढ्यावरून गावागावाचा उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा आकडा वेगवेगळा काढता येईल. मेंढपाळांच्या वाड्यांचे मुक्काम पशुसंवर्धन खात्याला विचारा. आणि फडांवर माणसं पाठवाल तेव्हा आधी कारखान्याच्या शेती खात्यातून टोळ्यांच्या मुकादमांची यादी घ्या, रात्री आठनंतर जा, आणि मोबाइल पूर्ण चार्ज करून न्या. कोपीत वीज नसते.

कळावे,
म्हसवडचा एक रहिवासी