पेटीचा जन्मदाखला

नाशिकपासून तीनएक कोसांवर त्रिरश्मी डोंगरात जी लेणी आहेत, त्यांस आपण पिढ्यान्‌पिढ्या पांडवलेणी म्हणत आलो. पांडवांचा त्या लेण्यांशी तिळमात्र संबंध नाही. भिंतींवरील ब्राह्मी लेख स्वच्छ सांगतात की नहपानाचा जावई उषवदात, गौतमीपुत्र सातकर्णी, त्याची आई गौतमी बलश्री इत्यादिकांनी ही स्थाने बौद्ध भिक्षूंच्या उपयोगासाठी दिली. तरीही लोक पांडवलेणी म्हणतात आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. कारण दंतकथा तोंडी राहिली आणि पुरावा भिंतीवर राहिला. धर्मराजाच्या नावाची पाटी बसविण्यासाठी उषवदाताचा लेख छिन्नीने उडवून टाकावा, असे अद्याप कोणास सुचलेले नाही.

बाजाच्या पेटीच्या बाबतीत मात्र नेमके हेच चालले आहे. आणि ते अडाणी माणसे करीत नसून ज्यांच्या दिवाणखान्यात ज्ञानकोशाचे खंड मांडलेले असतात, ती करीत आहेत.

प्रसंग मागील पावसाळ्यातला. आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून बरीच मोठी रक्कम मोजून एक पेटी घेतली आणि ती पाहावयास आम्हांस बोलाविले. पुढच्या फळीवर पितळी पाटी. तीवर पॅरिसच्या एका विख्यात पेढीचे नाव. विक्रेत्याने सांगितलेली कथा अशी की, 21 डिसेंबर 1909 च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळी ‘शारदा’ करीत असता कलेक्टर जॅक्सनचा वध झाला, त्या रात्री रंगपटापुढे वाजत होती ती हीच. पुरावा कोणता, असे विचारता स्नेही म्हणाले, “अहो, सूर ऐका, मग बोला!” सूर खरोखरच गोड होते. पण सुरांचा गोडवा हा काही साक्षीदार नव्हे.

आम्ही मागची फळी काढण्याची परवानगी मागितली. ती मिळाली, पण नाखुशीने. फळी चार स्क्रूंनी बसविलेली होती आणि त्या चारही स्क्रूंच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी फुली होती. अशा फुलीच्या स्क्रूंचा प्रसार 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेतून झाला. 1909 साली ते पृथ्वीवर कोठेही विकत मिळत नव्हते. ठीक आहे, फळी मागाहून कोणी उघडली असेल, स्क्रू बदलले असतील. आत डोकावलो. सुरांच्या दोन ओळी. वरच्या ओळीचे पितळ काळवंडलेले, जिभा एकसारख्या, कडा सफाईने कापलेल्या. खालची ओळ निराळ्याच हाताची, निराळ्याच पितळाची. भात्याच्या घड्या पांढऱ्या कृत्रिम डिंकाने चिकटविलेल्या. जुना सुतार शिजविलेला सरस वापरी. आपल्याकडे घरोघर पोहोचलेला फेव्हिकॉल 1959 सालचा. शेवटी ती फ्रेंच पाटी. तिच्या दोन्ही अंगांस लाकडात बुजविलेली दोन भोके दिसली, म्हणजे पूर्वी तेथे याहून लांब पाटी होती. आणि त्या जुन्या पाटीच्या जागी, पॉलिशखाली दबलेल्या, रंगाने लिहिलेल्या देवनागरी अक्षरांच्या खुणा होत्या. भिंग लावून इतकेच वाचता आले: एका आडनावाच्या शेवटचे ‘कर’, आणि पुढे ‘नाशिक’.

ह्या गावातील कोणा कारागिराने ती पेटी घडविली होती. त्याचे नाव कानशीने घासून, वर पॉलिश चढवून, त्यावर परक्याचे नाव ठोकले गेले. हे काम विक्रेत्याने केले की त्याच्या आधी कोणी, हे आम्ही सांगू शकत नाही. पण ते का केले गेले हे कोणीही सांगेल. नाशिकच्या ‘कर’ला गिऱ्हाईक नाही, पॅरिसला आहे. दोष पाटी ठोकणाराचा थोडा आणि पाटी वाचून थैली सोडणाराचा अधिक, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मौज अशी की, ज्या परकेपणासाठी आज पेटीची पूजा होते त्याच परकेपणासाठी तिला एके काळी घराबाहेर काढले होते. 1940 साली नभोवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली. तिचे सूर ठोकून बसविलेले, तीत मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, ती विलायतेची, असे आक्षेप होते. त्यांतील पहिले तीन विचारात घेण्याजोगे आहेत, चौथा अर्धवट. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या देबँ याने 1840 साली घेतले हे खरे. पण ते वाद्य खुर्चीवर बसून, दोन्ही पायांनी भाता हाणून वाजवावयाचे. आपली बैठक जमिनीवरची. गवयाशेजारी मांडी घालून बसता यावे, उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा मागच्या भात्यावर असावा, ही गरज येथली. ती भागविण्याचे श्रेय बहुधा कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांस दिले जाते. त्यांची ‘द्वारकिन’ पेढी 1875 सालची. म्हणून हाताच्या भात्याची पेटी समोर आली की पहिला तर्क ‘येथे घडलेली असावी’ हाच पाहिजे, आणि ती पॅरिसहून आली हे शाबीत करण्याचे ओझे तसे म्हणणाऱ्यावर पडले पाहिजे. आपण नेमके उलट करतो.

विलायतेहून पुष्कळ आले ते सूर. पेटीवाले ज्यांस रीड म्हणतात त्या पितळी जिभा. पॅरिसच्या कास्रिएलचे सूर, जर्मन सूर, यांची कीर्ती यथार्थ आहे. ते सूर येथल्या सुताराने येथल्या लाकडात बसविले. पुढे कोणी भाता बदलला, कोणी पट्ट्या बदलल्या. झिजलेल्या सुरांच्या जागी पालिताण्याचे सूर आले, आणि तेही कमी प्रतीचे असतात असे नव्हे. अशा पेटीला एक वय नसते, एक जन्मगाव नसते. ‘ही पेटी कोठली?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. सूर कोठले, पेटारा कोठला, भाता केव्हाचा, असे निरनिराळे विचारावे लागते; आणि सर्वांत जुना भाग सगळ्या वस्तूचे वय ठरवीत नाही, तर सर्वांत नवा भाग आजची जुळणी कोणत्या सालाच्या आधीची असू शकत नाही, एवढेच सांगतो.

अमेरिकेत विजेवरच्या जुन्या गिटारींचा मोठा बाजार आहे. तेथले जाणते लोक फेंडरच्या गिटारीवरील अनुक्रमांकावर भिस्त ठेवीत नाहीत. कारण जुन्या गिटारीत तो क्रमांक चार स्क्रूंनी बसविलेल्या एका धातूच्या पट्टीवर असतो आणि ती पट्टी घटकाभरात दुसऱ्या गिटारीवर जाऊ शकते. ते मान सोडवितात आणि तिच्या बुडाशी कारखान्यात घातलेली तारीख शोधतात. आवाज कमीजास्त करण्याच्या खुंटीच्या पोटातील भागावर आकडे असतात, ते पाहतात: आधी तो भाग बनविणाऱ्याचा संकेत, मग साल, मग वर्षातील आठवडा. त्यावरूनही गिटार त्याच आठवड्यातली असे ते म्हणत नाहीत. त्याच्या आधीची नव्हे, इतकेच म्हणतात. ज्या वाद्याला अजून शंभर वर्षेही झाली नाहीत त्याच्यासाठी एवढी दक्षता! आणि आम्ही मात्र दुकानदाराची गोष्ट ऐकून डोळे पुसतो.

पेटीत अशी आकड्यांची सोय क्वचित असते. नाटक मंडळ्यांत वाजणारे जे ऑर्गन अमेरिकेच्या एस्टेसारख्या कारखान्यांतून आले, त्यांवर अनुक्रमांक असतात आणि त्यांवरून साल काढता येते. ऑर्गन व हार्मोनियम यांचा भेदही पुष्कळांस ठाऊक नसतो: हार्मोनियमचा भाता वारा सुरांतून बाहेर ढकलतो, अमेरिकन ऑर्गनचा तो आत ओढतो. पण आकडा नसला म्हणून पेटी मुकी नसते. पाटीवर ‘मेड इन जर्मनी’ असेल तर, परदेशी मालावर देशाचे नाव घालण्यास भाग पाडणारा इंग्लंडचा कायदा 1887 चा आणि त्याच धर्तीचा हिंदुस्थानचा 1889 चा, हे ध्यानात ठेवावे. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर 1949 च्या आधीचे नाव घेऊ नये. दुकानाच्या चिठ्ठीवर सहा आकड्यांचा पिन असेल तर ती 1972 नंतरची. सुरांच्या पट्ट्यांवर ठसे असतील तर त्यांत ‘एच’ हे अक्षर आहे काय पाहावे. इंग्रज ज्या स्वरास ‘बी’ म्हणतो त्यास जर्मन ‘एच’ म्हणतो. पट्ट्या हस्तिदंती म्हणून सांगितल्या तर प्रकाशात तिरप्या धरून बारीक रेषा शोधाव्यात. सेल्युलॉइड व प्लॅस्टिक यांना हत्तीचे मरण ठाऊक नसते. आत कोठे दुरुस्तीवाल्याने पेन्सिलीने नाव व तारीख टिपून ठेवलेली असते, कोठे फट बुजविण्यास वर्तमानपत्राचा तुकडा डकविलेला असतो. पितळी पाटीहून तो तुकडा आम्ही अधिक प्रामाणिक मानतो. त्याला कोणी भाव वाढविण्यासाठी तेथे लावलेले नसते.

आणि स्वतः सूरही काळ सांगतात, जर आपण सांगू दिले तर. फ्रान्सने 1859 साली ‘ए’ हा स्वर सेकंदास 435 आंदोलनांवर ठरविला. 440 हा आजचा आकडा 1939 च्या लंडन येथील परिषदेचा. दोहोंतील अंतर जवळजवळ एका प्रमाणश्रुतीइतके आहे. म्हणजे एखाद्या जुन्या पेटीचे सगळेच सूर सारख्याच मानाने किंचित उतरलेले आढळले तर ती खराब झाली असे न समजता, ती आपला जुना षड्‌ज जपून आहे काय, असा विचार करावयास हवा. पण आपण काय करतो? पेटी घरी आली की प्रथम तिला ‘ट्यूनिंग’ला धाडतो. सूर चढवावयाचा तर जिभेचे टोक घासतात, उतरवावयाचा तर बूड. घासलेले पितळ परत येत नाही. वाजवावयाच्या पेटीचे सूर लावलेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. परंतु काचेच्या कपाटात ठेवावयाच्या पेटीला ही शिक्षा कशासाठी? तिला चकचकीत पॉलिश कशासाठी?

ह्यावर आमचे स्नेही म्हणाले ते पुष्कळांच्या मनातले असेल: “कुटुंबाला एका गोष्टीत आनंद वाटतो, तुम्ही कशाला पाणी ओतता?” आनंदाशी आमचे भांडण नाही. ज्या पेटीवर आजोबांनी पदे वाजविली ती कोठेही घडली तरी पूज्यच. पण विकत घेतलेली गोष्ट ही आजोबांची आठवण नव्हे. नाशकात सांगावयास गोष्टी उदंड: कोणी विजयानंदची पेटी विकील, कोणी विष्णु दिगंबरांच्या रामनाम आधाराश्रमातली. अशा दहा खोट्या निघाल्या की अकरावी खरी असली तरी तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? खोट्या दाखल्याने पहिली चोरी खऱ्या दाखल्याची होते. आणि ज्याच्या नावाचा वापर होतो तो जॅक्सन, त्याचे इतर काही असो, पंडित भगवानलाल इंद्रजींचे गुजराथेच्या प्राचीन इतिहासाचे अपुरे राहिलेले लेखन पुरे करणारा अभ्यासक होता. पुराव्यावाचून साल लिहिणे त्याला रुचले नसते.

दुसरे म्हणणे असे की, पॅरिसचे सूर पेटीत आहेत ना, मग पॅरिसची पाटी लावली तर बिघडले काय? बिघडले ते हे. जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे 1906 साली नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला. 13,000 हून अधिक नाणी. त्यांतील 9,000 हून अधिकांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. पण खालचा नहपान पुरता पुसला गेला नाही, म्हणूनच कोणी कोणास जिंकले हे आज आपण सांगू शकतो. राज्य जिंकणाराने जेवढे शिल्लक ठेवले, तेवढेही पेटी पॉलिश करणारा शिल्लक ठेवीत नाही. आमच्या त्या ‘कर’चे बाकीचे आडनाव कायमचे गेले. मुंबईच्या हरिभाऊ विश्वनाथ यांच्यासारख्या चालू पेढीचे नाव टिकते. मिरजेच्या तंतुवाद्यांना उशिरा का होईना, 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण गल्लीतल्या एकट्या पेटीवाल्याचे नाव राहण्याची जागा त्याने घडविलेल्या पेटीची पुढची फळी हीच असते. ती घासली म्हणजे तो माणूस जन्मलाच नाही असे होते.

म्हणून विक्रेत्यांकडे आमची मागणी अशी: पावतीवर ‘जुनी पॅरिस पेटी’ असे मोघम न लिहिता सूर, पेटारा, भाता, पट्ट्या यांचे जे ठाऊक असेल ते वेगवेगळे लिहावे, आणि पाटी मागाहून बसविली असल्यास तसे लिहावे. गिऱ्हाइकाने अशा पावतीशिवाय पैसे मोजू नयेत. आणि ज्यांच्या माळ्यावर जुनी पेटी आहे त्यांनी ती दुरुस्तीला धाडण्यापूर्वी मागची फळी काढून, आहे तसे छायाचित्र घ्यावे. जुने स्क्रू फेकू नयेत. ज्या भोकातले त्याच भोकात परत घालावेत.

आमच्या स्नेह्यांनी सर्व ऐकून घेतले, चहा दिला, आणि आमच्यादेखत ती फ्रेंच पाटी पुन्हा जागेवर बसविली. नाशिकमध्ये कोणाच्या घरी ‘कर’ने संपणाऱ्या नावाची पेटी असेल तर तिची फळी कृपा करून घासू नये. आम्हांस ते आडनाव पुरे वाचावयाचे आहे.