पोरखेळ म्हणून हिणवू नका!

व्हिडिओ खेळ म्हणजे पोरांना बिघडवणारे यंत्र, हे आमच्या साहित्यिकांचे आणि शिक्षकांचे लाडके मत आहे. मी या दोन्ही जमातींत मोडतो. मुलुंडला शाळेत शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. म्हणूनच स्पष्ट सांगतो, हे मत मला साफ नामंजूर आहे. न वाचता पुस्तकावर अभिप्राय देणाऱ्याला आपण टीकाकार म्हणत नाही. मग न खेळता खेळावर तोंडसुख घेणाऱ्याला विचारवंत का म्हणावे?

उदाहरणच घ्या. 'डिस्को इलिसियम' हा खेळ एस्टोनिया नावाच्या चिमुकल्या देशातल्या मंडळींनी २०१९ साली काढला. त्या देशाची लोकसंख्या तेरा-चौदा लाख. आमच्या एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९३ लाखांवर माणसे होती! खेळाचा प्रमुख लेखक रॉबर्ट कुर्विट्झ हा मूळचा कादंबरीकार. २०१३ साली त्याची कादंबरी निघाली आणि जेमतेम हजारभर प्रती खपल्या, असे सांगतात. हा आकडा मराठी कादंबरीकाराला चांगलाच परिचयाचा वाटेल! आमचा लेखक अशा वेळी वाचकांना दूषणे देतो आणि 'वाचनसंस्कृतीचा ऱ्हास' या विषयावर परिसंवादाला जाऊन बसतो. त्या गृहस्थाने मात्र तेच काल्पनिक जग उचलून सहकाऱ्यांसह दहा लाखांहून अधिक शब्दांचा खेळ रचला. २०२० साली ब्रिटनच्या 'बाफ्टा' संस्थेने त्याला तीन पारितोषिके दिली. त्यांतले एक कथनासाठी होते.

आहे तरी काय त्यात? स्मृती गमावलेला एक पोलीस अधिकारी लॉजच्या खोलीत जागा होतो. मागच्या अंगणात झाडाला एक प्रेत लटकते आहे आणि बंदरात कामगारांचा संप पेटला आहे. आता तपास करायचा तो तुम्ही. तलवारी नाहीत, राक्षस नाहीत. माणसांशी बोलायचे आणि काय बोलायचे ते निवडायचे. नायकाच्या डोक्यातले चोवीस गुण, तर्क, सहानुभूती, अधिकार वगैरे, त्याच्याशी आणि एकमेकांशी हुज्जत घालतात. मनाचा असा तमाशा पुष्कळ कादंबऱ्यांनाही साधत नाही.

कठीण प्रसंगी दोन फासे पडतात. काही कसोट्या पुन्हा देता येतात, तर लाल रंगाच्या कसोट्या एकदाच. पण हरलात तरी गोष्ट बहुधा थांबत नाही. ती दुसऱ्याच वाटेने जाते, आणि ती वाट पुष्कळदा अधिक मनोरंजक निघते. नापास या एका शब्दावर मुलाचे सारे आयुष्य तोलणाऱ्या आम्हा मास्तरांनी हे जरूर पाहावे!

परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जाणारा मोक्षपट आपल्याकडे होताच. खेळातून नीती शिकवण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. परंतु मोक्षपटात शिडी मिळते ती दानाने आणि साप गिळतो तोही दानानेच. इथे दानाच्या आधी तुमची निवड आहे, आणि तिची जबाबदारीही तुमचीच. कोणी म्हणेल, वाचकच निवडू लागला तर लेखकाची कला उरली कुठे? अहो, प्रत्येक वाटेवरचा शब्दन् शब्द लेखकानेच लिहिलेला असतो! त्याला एक शेवट लिहून मोकळे होता येत नाही, एवढेच.

माझा खरा सल पुढेच आहे. संप, मालक, पुढारी, फुटलेली घरे ही कोणाची गोष्ट? १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्या मुंबईची. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात त्या संपानंतरचे घर आपण पाहिले. पण संपाच्या सहाव्या महिन्यात घरात दाणा नसताना कामावर जायचे की नाही, हे आपल्यालाच ठरवावे लागले तर? तो प्रश्न मराठीत विचारणारा खेळ कुठे आहे? 'डिस्को इलिसियम' अनेक भाषांत गेला, मराठीत नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शब्दकोश मांडीवर घेऊन मी तो खेळलो. आमच्या पोरांनी मनाचे बारकावे इंग्रजीतच अनुभवावेत आणि मराठी केवळ परीक्षेपुरती ठेवावी, हे आपल्याला चालणार आहे काय?

सगळेच खेळ चांगले, असे मी म्हणत नाही. हा खेळसुद्धा मोठ्यांचा आहे. त्यात दारू आहे, शिव्या आहेत. पैसे लावून खेळण्याच्या धंद्यावर संसदेने २०२५ साली बंदीचा कायदा केला, ते योग्यच झाले. पण त्या कायद्यानेही जुगार आणि खेळ यांत भेद केला. कायद्याला जो भेद कळतो, तो सरस्वतीच्या उपासकांना कळू नये?

कारागिरांची वाण नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स'ने २०२० साली 'राजी' हा देखणा खेळ जगापुढे ठेवला. तो लढाईचा खेळ आहे, निवडीचा नव्हे. पण हात तयार आहेत हे त्याने दाखवले. वाण आहे ती लिहिणाऱ्यांची. २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा मराठी सांगितली. त्यांच्यातून चार लेखक आणि चार तंत्रज्ञ एका टेबलाशी बसू शकत नसतील, तर दोष पोरांच्या हातातल्या मोबाइलला देऊ नका. तो आमच्या आळसाचा आहे.