प्रयोगाची जोखीम आणि त्याचे फळ

पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल केंद्र यांनी मिळून सिद्ध केलेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. रक्ताच्या काही कर्करोगांवर परदेशात ज्यासाठी तीन-चार कोटी रुपये मोजावे लागतात, तो उपचार येथे चाळीस लाखांच्या आसपास उपलब्ध झाला. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु हे यश ज्या रुग्णांच्या धैर्यावर उभे आहे, त्यांचे स्मरण आपण क्वचितच करतो.

रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी काढून त्यांत जनुकीय बदल करावयाचे व त्या पुन्हा शरीरात सोडावयाच्या, असे या उपचाराचे स्वरूप आहे. लिम्फोमावरील चाचणीच्या पहिल्या टप्प्यात अवघे १४ रुग्ण होते. प्रचलित उपचारांना दाद न देणारा त्यांचा आजार होता. पहिल्या टप्प्याचा मुख्य हेतू उपचार कितपत सुरक्षित आहे व त्याची मात्रा किती असावी, हे पाहण्याचा असतो. रोगमुक्तीची हमी त्यात नसते. परंतु मृत्यूच्या छायेतील माणसाला ‘चाचणी’ हा शब्दही ‘उपचार’ असाच ऐकू येतो. म्हणूनच कागदावर उमटलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. रुग्णास समजेल अशा भाषेत माहिती देण्याचे आणि इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई देण्याचे बंधन २०१९ च्या नियमांनी घातले आहे, ते योग्यच होय.

तथापि एक खर्च हिशेबाबाहेरच राहतो. नागझिरा अभयारण्याच्या कडेला असलेल्या चोरखमाऱ्याहून मुंबई सुमारे हजार किलोमीटर दूर आहे. चाचणीतील औषधाचे मोल द्यावे लागले नाही, तरी सोबत्याचे भाडे, मुंबईतील मुक्काम आणि ऐन रोवणीत बुडालेली मजुरी कोणी सोसावयाची? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी भरपाई देता येते. ती ऐच्छिक न ठेवता बंधनकारक केली पाहिजे. अन्यथा अंतर हीच रुग्णाची अपात्रता ठरेल.

फळाच्या वाटणीचा प्रश्न याहून कठीण आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे सर्वसाधारण संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे आहे. उपचाराचा खर्च त्याच्या आठपट. सार्वजनिक संस्थांत जन्मलेल्या संशोधनावर समाजाचा हक्क मानावयाचा असेल, तर शासनाने घाऊक खरेदीचा करार करून किंमत खाली आणावी आणि उरलेला भार स्वतंत्र निधीतून उचलावा. जोखीम घेताना रुग्णाची ऐपत पाहिली जात नाही. फळ देतानाही ती पाहिली जाऊ नये.