तो किल्ला फ्लोरिडाचा नाही!

चिडून लिहितोय, त्यामुळे थोडं मागे-पुढे झालं तर सांभाळून घ्या.

झालं असं, की आमच्या दादाने (चुलतभाऊ, फ्लोरिडातल्या काकांचा थोरला) दिवाळीच्या सुट्टीत जुने अल्बम स्कॅन करून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. साडेतीनशेच्या वर फोटो. अल्बमची ती चिकट पानं सोडवताना बोटांचं काय होतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. तेव्हा दादाचं कौतुक आहेच, ते आधी सांगतो.

पण त्यातला एक फोटो. बाबा उभे आहेत, अंगात निळा स्वेटर, उन्हामुळे डोळे बारीक केलेले आणि मागे डिस्नेचा तो परीकथेतला किल्ला. मागच्या बाजूला बाबांच्या अक्षरात 'डिसेंबर ९६' एवढंच. दादाने खाली लिहिलं, 'मोठे काका, डिस्ने वर्ल्ड, फ्लोरिडा, १९९६.'

मी लिहिलं, दादा, हे कॅलिफोर्निया आहे. त्यावर उत्तर आलं, "अरे, ते किल्ले सगळे सारखेच असतात. काय फरक पडतो?" खाली लगेच तीन अंगठे. आईसुद्धा फोनवर म्हणाली, "जाऊ दे ना रे." तर मंडळी, मी जाऊ देणार नाहीये. का, ते सांगतो.

पहिली गोष्ट, ते सारखे नसतात. कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला जे डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं, तिथला किल्ला स्लीपिंग ब्यूटीचा. उंची अवघी ७७ फूट. तो उंच भासावा म्हणून खालचे दगड मोठे आणि वर जाताना लहान लहान केलेत, म्हणजे डोळ्यांना फसवलंय सरळसरळ. (गंमत म्हणजे त्या राजकन्येचा सिनेमा आला १९५९ साली. किल्ला आधी, गोष्ट नंतर!) फ्लोरिडातला किल्ला सिंड्रेलाचा. तो उघडला १ ऑक्टोबर १९७१ ला आणि त्याची उंची १८९ फूट. म्हणजे अडीच पटीच्याही थोडा जवळपासच. ॲनाहाइमचा बसका आणि घरगुती, झाडांच्या आडोशाला लपणारा. फ्लोरिडाचा सडपातळ, टोकदार मनोऱ्यांचा, लांबूनच दिसायला लागणारा. आपल्याकडे वाडा आणि देवळाचं शिखर यात कुणी गोंधळ करत नाही, तेवढा फरक आहे हा.

दादाचा मुद्दा होता, "पुढे वॉल्ट डिस्ने आणि मिकीचा पुतळा दिसतोय, तो मी लहानपणापासून आमच्याकडे बघतोय." बरोबर आहे. पण तो पुतळा ॲनाहाइमला १९९३ साली बसवला आणि फ्लोरिडात त्यानंतर, १९९५ साली. डिसेंबर ९६ मध्ये तो दोन्हीकडे होता. तेव्हा हा साक्षीदार दोन्ही पक्षांचा, त्याला सोडून देऊ.

आता माझा हुकमाचा पत्ता. फ्लोरिडाच्या पार्कला २५ वर्षं झाली म्हणून ऑक्टोबर १९९६ पासून जानेवारी १९९८ पर्यंत तिथल्या किल्ल्याचा वाढदिवसाचा केक केला होता. खरंच. सगळ्या भिंती भडक गुलाबी, वर आयसिंगचे थर आणि मोठाल्या मेणबत्त्या. बघणाऱ्यांपैकी कित्येकांनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. बाबा डिसेंबर ९६ मध्ये फ्लोरिडात त्या किल्ल्यापुढे उभे असते, तर त्यांच्या डोक्यामागे हा भलामोठा केक दिसला असता. फोटोत मेणबत्ती आहे का एक तरी? आहे तो बुटका किल्ला, निळी छपरं आणि खंदकावरचा पूल. संपलं.

यावर दादाने मोर्चा वळवला. "अरे, पण मुळात खोटेच ना ते! प्लॅस्टिकचे किल्ले. त्यांच्यात काय ओळखायचंय?"

हे मला जास्त लागलं, कारण बोलणारा माणूस भारतात आला की पहिल्या रविवारी राजगड गाठणारा आहे. गेल्या वेळी एका भाच्याने सुवेळा माचीचा फोटो 'रायगड' म्हणून टाकला, तेव्हा दादाने त्याला ग्रुपवर पाच परिच्छेद सुनावले होते. नेढं दिसतंय आणि रायगड म्हणतोस? तेव्हा कुणी म्हणालं असतं की "काय फरक पडतो, सगळे दगडच", तर दादाने त्याला पाली दरवाजाने खाली पिटाळलं असतं.

राजगडाची आणि मिकीच्या किल्ल्याची बरोबरी मी करत नाहीये, उगाच कुणी अंगावर येऊ नका. एकीकडे माणसं राहिली, लढली, मेली. दुसरीकडे तिकीट काढून आइसक्रीम खातात. मान्य. फ्लोरिडाचा किल्ला पोलाद, काँक्रीट आणि फायबरग्लासचा आहे, तेही मान्य. पण खोटा असणं आणि सारखा असणं हे दोन वेगळे आरोप आहेत. पहिला सिद्ध झाला म्हणून दुसरा आपोआप सिद्ध होत नाही.

आणि खऱ्या-खोट्याचं म्हणाल, तर ॲनाहाइमच्या किल्ल्याला ज्याच्यावरून कल्पना मिळाली तो बव्हेरियातला नॉयश्वानस्टाइन तरी कुठे लढाईचा किल्ला आहे? राजा लुडविग दुसरा याने १८६९ साली त्याचं बांधकाम सुरू केलं. त्याची चित्रं काढणारा माणूस रंगभूमीचे पडदे रंगवणारा. आत नळाचं पाणी, गरम हवेची सोय. १८८६ साली राजा गेला आणि काही आठवड्यांतच तिकीट लावून तो लोकांना दाखवायला सुरुवात झाली! तेव्हा 'अस्सल' म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवायचं, तोही एका राजाचा हौसेचा देखावाच निघाला.

उलट हे देखावे जागा बघून बदलत गेले, हेच त्यांच्यातलं बघण्यासारखं आहे. पॅरिसजवळ १९९२ साली पार्क उघडलं. फ्रान्समध्ये खरे किल्ले पैशाला पासरी, तिथे अमेरिकेची नक्कल कोण बघणार? म्हणून तिथला किल्ला गुलाबी, परीकथेतल्या चित्रासारखा केला, भोवतीची झाडं चौकोनी कापली आणि तळघरात हलणारा, गुरगुरणारा ड्रॅगन ठेवला. शांघायचा किल्ला २०१६ सालचा. तो सगळ्यांत मोठा आणि कुणा एकीचा नाही, सगळ्या राजकन्यांचा मिळून.

जिथे खरंच नक्कल आहे तिथे मी हार मानतो. टोकियोचा (१९८३) म्हणजे फ्लोरिडाचा जुळा भाऊच. तिथे किल्ला बघून भागत नाही, आजूबाजूला बघावं लागतं. टोकियोत आत शिरल्यावरच्या दुकानांच्या रस्त्यावर पावसासाठी काचेचं छत आहे, फ्लोरिडात रस्ता उघडा. हाँगकाँगचा (२००५) म्हणजे ॲनाहाइमची प्रत, पण मागे लांटाव बेटाचे हिरवे डोंगर. शिवाय २०२० साली तो वाढवून पूर्ण वेगळाच केला, त्यामुळे फोटो अलीकडचा असेल तर प्रश्नच नाही. म्हणजे जुळ्यांमध्येही फरक सापडतो, फक्त अर्धा मिनिट नीट बघावं लागतं. "सगळे सारखेच" हे बहुतेक वेळा न बघितल्याचं लक्षण असतं.

आता एका फोटोसाठी एवढं का, ते सांगतो.

बाबा ९६ साली कंपनीच्या कामाला तीन आठवडे कॅलिफोर्नियाला गेले होते. परतताना फ्लोरिडाला काकांकडे जायचं ठरलं होतं, पण काम लांबलं आणि ते राहून गेलं. त्याची रुखरुख त्यांना शेवटपर्यंत होती. त्या तीन आठवड्यांतला एकुलता एक मोकळा दिवस आत्याने त्यांना दिला. आत्या तेव्हा लॉस एंजेलिसच्या बाहेर एका दुकानात तासांवर काम करायची. सुट्टी घेतली की पैसे कापले जायचे. तिने सुट्टी घेतली, सकाळी पोळीभाजी बांधून घेतली, भावाला थंडी वाजेल म्हणून निळा स्वेटर घेऊन दिला आणि आपली जुनी गाडी चालवत त्याला तिथे नेलं. हे सगळं बाबांनी मला अनेकदा सांगितलंय. प्रत्येक वेळी किल्ल्यापेक्षा पोळीभाजीबद्दल जास्त.

आत्या फोटोत नाही, कारण कॅमेरा तिच्या हातात होता.

आज बाबा नाहीत, आत्याही नाही. काकांना आता फारसं आठवत नाही. त्या दिवसाचा पुरावा म्हणून उरलाय तो मागचा बुटका किल्ला. त्याखाली 'फ्लोरिडा' लिहिलं की गाडी चालवणारी आत्याही त्या दिवसातून जाते. अजून वीस वर्षांनी आमची पोरं तो फोटो बघतील तेव्हा त्यांच्या लेखी बाबा काकांकडे फिरायला गेलेले असतील.

दादा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, पण ती ओळ बदल. 'ॲनाहाइम, कॅलिफोर्निया, डिसेंबर १९९६. फोटो काढला आत्याने.' एवढंच लिही.

असो. खूप झालं.

ता.क. - तुमच्याकडे असे जुने फोटो असतील आणि किल्ला ओळखता येत नसेल तर जरूर कळवा, मी शोधून देईन. आणि आई, तू 'जाऊ दे' म्हणालीस खरं, पण तो स्वेटर अजून तुझ्याच कपाटात आहे ना?