वास्तूचें वय आणि वास्तूचें मोल

शंभर वर्षांची वास्तु जपावी, याविषयीं वाद नाहीं. पण उष्ण देशांत गेल्या शतकांत उभारलेल्या आधुनिक वास्तूंचें काय?

दिल्लींतील 'हॉल ऑफ नेशन्स' हें राज रेवल यांनीं योजिलेलें प्रदर्शनगृह १९७२ सालीं पुरें झालें. त्याची काँक्रीटची जाळी छपराचा भार वाही आणि ऊनही अडवी. त्यास ६० वर्षें झालीं नव्हतीं, या कारणास्तव वारसा-समितीनें त्याचा विचार नाकारला. आणि २०१७ च्या एप्रिलांत तें भुईसपाट झालें.

श्रीलंकेंत याच्या उलट घडलें. जेफ्री बावा यांनीं १९६० च्या सुमारास कोलंबोंत एना डी सिल्व्हा यांच्यासाठीं घर योजिलें: मध्यें चौक, भोंवतीं पडव्या, वर कौलें. पुढें ती जागा विकली गेली, तेव्हां घराचा भाग न् भाग खुणा घालून उतरविला व लुनुगंगा येथें बावांच्या बागेजवळ पुन्हां उभारला.

वाड्याचा चौक ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस या विद्येचें मर्म सांगणें नको. यंत्रावांचून गारवा देणारी ही विद्या, उष्मा वाढत असतां, आम्हांस अधिकच हवी. वास्तूस जगूं दिलें, तरच ती जुनी होणार! म्हणून, मुलांनो, आपल्या गांवांतील एखादी वास्तु पाडण्याची वार्ता कानीं येईल, तेव्हां तिचें वय विचारण्याआधीं तिचे गुण पाहावे, असें आमचें सांगणें आहे.