‘कारण’ या शब्दासाठी

दहावीच्या भूमितीत स्पर्शिकाखंडाचं प्रमेय आहे. वर्तुळाबाहेरच्या एका बिंदूतून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढल्या, तर त्या बिंदूपासून स्पर्शबिंदूंपर्यंतचे दोन्ही रेषाखंड सारखेच भरतात. सिद्धता पाच-सहा ओळींची आहे. केंद्रापासून दोन त्रिज्या काढायच्या, केंद्र आणि बाहेरचा बिंदू जोडायचा. दोन काटकोन त्रिकोण तयार होतात आणि ते कर्णभुजा कसोटीने एकरूप ठरतात.

नवी पुस्तकं आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, २०१९-२० मध्ये, सराव परीक्षेत मी हे प्रमेय कृतीच्या रूपात विचारलं होतं. म्हणजे सिद्धता छापलेली आणि मधल्या चार जागी रिकाम्या चौकटी. मागच्या बाकावरच्या एका मुलाने चारही चौकटी बरोबर भरल्या. मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी त्याला फळ्याजवळ बोलावलं. तीच आकृती जरा फिरवून काढली, अक्षरं बदलली आणि म्हटलं, “सिद्ध कर.” तो खडू हातात धरून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “बाई, चौकटी नाहीत.” मी विचारलं, “काल कर्णभुजा लिहिलंस, ते का?” तो म्हणाला, “तिथं कर्णभुजाच येतं, बाई.”

त्या उत्तराने मला रात्रभर झोप लागली नाही. पोरगा खोटं बोलत नव्हता, आळशीही नव्हता. त्या जागी काय ‘येतं’ ते त्याला ठाऊक होतं. ते का येतं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्या ‘कुणी’मध्ये मीही होते.

तासगाव तालुक्यातल्या एका गावात मी ३१ वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं. आज निवृत्त आहे. वेळापत्रक, निकाल, पटसंख्या यांचं ओझं आता डोक्यावर नाही, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहिते. आपल्या शाळांतल्या गणितातून सिद्धता हळूहळू निघून चालली आहे आणि तिच्यासाठी कुणी हळहळतानाही दिसत नाही.

आपल्या राज्यात नववी-दहावीचं गणित दोन भागांत असतं. भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती. प्रत्येकी ४० गुणांचा, दोन तासांचा पेपर आणि वरचे २० गुण शाळेच्या हातात. दहावीची सध्याची पुस्तकं २०१८ ची आहेत आणि पुष्कळ बाबतीत चांगली आहेत. बीजगणितातला ‘अर्थनियोजन’ हा पाठ मला मनापासून आवडतो. जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड, एसआयपी या गोष्टी मुलं आईवडिलांना घरी जाऊन समजावतात. त्या पाठाचा उपयोग काय, असं कुणी विचारत नाही. भूमितीच्या बाबतीत मात्र दर वर्षी एक तरी पालक विचारायचे, “बाई, पुढं याचा उपयोग काय?”

माझं उत्तर ठरलेलं असायचं. दहा वर्षांच्या शाळेत मूल हजारो वाक्यं लिहितं. प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण द्यायचं आणि ते कारण आधी मान्य झालेलं असलं पाहिजे, ही सक्ती फक्त भूमितीत आहे. ‘पक्षावरून’, ‘व्युत्क्रम कोन’, ‘एकाच वर्तुळाच्या त्रिज्या’. बाकी सगळीकडे पुस्तकात आहे म्हणून, बाईंनी सांगितलं म्हणून, एवढ्यावर भागतं. इथे बाईंनी सांगितलेलंही चालत नाही. बाईंची ओळ चुकली, तर पंधरा वर्षांचं पोर उठून ती खोडू शकतं, आणि बाईंना ऐकावं लागतं. असा अधिकार दुसरा कोणताही विषय मुलाला देत नाही.

कृतीचे प्रश्न आले तेव्हा मी त्यांचं स्वागत केलं होतं. अख्खं प्रमेय घोकून उतरवण्यापेक्षा चार जागा विचार करून भराव्यात, हा हेतू उत्तम होता. कोरा कागद बघून ज्यांचे हात थरथरायचे, अशा मुलांना त्यातून आधार मिळाला. पेपरमध्ये कृतीला ४० पैकी ७ गुण आहेत, तेही फार नाहीत. गडबड झाली ती वर्गात. जे विचारलं जातं तेच आम्ही शिकवू लागलो. प्रमेय फळ्यावर लिहायचं, तर आधी चौकटी आखायच्या. चौकट हा चालायला शिकवणारा पांगुळगाडा आहे. मूल चालू लागल्यावर तो काढून ठेवायचा असतो. आम्ही तो दहावी संपेपर्यंत काढलाच नाही.

दुसरी अडचण सेमी-इंग्रजीची. माझ्या शेवटच्या वर्षांत आमची निम्म्याहून अधिक मुलं गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकत होती. पालकांची इच्छा मी समजू शकते. पण सिद्धता हा भाषेचा मामला आहे. ‘जर’, ‘तर’, ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘उलटपक्षी’ या शब्दांवर ती उभी असते. बीजगणितातलं समीकरण कोणत्याही भाषेत तसंच सुटतं. सिद्धता लिहायला वाक्य लागतं, आणि ज्या भाषेत मूल आईशी भांडतं त्याच भाषेत त्याला पहिल्यांदा वाद घालता येतो. इंग्रजीतलं वाक्य जुळत नाही, म्हणून हुशार मुलंसुद्धा प्रमेय पाठ करतात. बाबाबा, बाकोबा, कोबाको अशी लयदार नावं आपल्याकडे आहेत. बाजू, कोन, बाजू हे त्या नावातच ऐकू येतं. सेमीच्या वर्गात ही नावं मी चोरून वापरायची आणि मुलांचे चेहरे खुलायचे.

तिसरी गोष्ट शिक्षकांच्या खोलीत आणि शिकवणीत उघड बोलली जाते. दोन्ही भागांचे गुण एकत्र धरले जातात. म्हणून भूमिती जड जाणाऱ्याला सांगायचं, “बीजगणितात काढ, प्रमेयं सोड.” पास होण्यासाठी हा सल्ला बरोबरच आहे. त्याच्यामुळे दर वर्षी किती मुलं एकही सिद्धता स्वतःच्या हाताने न लिहिता गणित ‘उत्तीर्ण’ होतात, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

आपण गणितावर वाद घालत नाही असं नाही. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ आलं, तेव्हा घराघरांत, विधिमंडळातसुद्धा चर्चा झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्यामागची कारणं शांतपणे समजावून सांगितली होती. २०२४ मध्ये नव्या अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने गणितात ३५ ऐवजी २० गुणांवरही मुलाला पुढे जाऊ द्यावं, मात्र पुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही असा शेरा मारावा, हा विचार पुढे आला. त्यावरही बोललं गेलं. ३५ की २० एवढंच आपण बोललो. त्या गुणांत मुलाला काय यायला हवं, हा प्रश्न तसाच राहिला.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या वेळी आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने गणित शिक्षणावर एक निबंध तयार केला होता. मुलाच्या विचारांना गणिताचं वळण लावणं हे शालेय गणिताचं मुख्य ध्येय त्यात सांगितलं आहे. गणिताची भीती आणि त्यातलं अपयश हा मोठा प्रश्न असल्याचंही त्यात मान्य केलं आहे. मला हे दोन्ही पटतं. भीती घालवायची म्हणून विचारच काढून टाकला, तर हातात काय उरतं?

खेड्यातल्या मुलांना हे झेपत नाही, असं कुणी म्हणालं की मला एक मुलगी आठवते. तिचे वडील गवंडी. चौकटीचा तो प्रसंग घडल्यापासून मी दर शुक्रवारी शेवटच्या तासाला एक नियम केला होता. वह्या बंद, एक आकृती, आणि सिद्धता तोंडी मराठीत सांगायची. ऐकणाऱ्यांनी प्रत्येक वाक्याला ‘का?’ विचारायचं. कोरोनानंतर शाळा पुन्हा सुरळीत सुरू झाल्यावर, २०२२ च्या पावसाळ्यात, पायथागोरस शिकवून झाला होता. शुक्रवारी ती मुलगी दप्तरातून दोरी घेऊन आली. पाया आखताना तिचे वडील एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट खूण करतात आणि तिरकं माप पाच फूट भरलं की कोपरा काटकोनात आहे असं धरतात. तिने ते वर्गाच्या फरशीवर करून दाखवलं. मी शाबासकी देऊन ‘हाच पायथागोरस’ म्हणणार होते, तेवढ्यात तीच म्हणाली, “पण बाई, आपण सिद्ध केलं ते काटकोन असेल तर. अण्णा उलटं करतात. पाच भरलं म्हणून काटकोन. ते कुठं सिद्ध केलंय?”

पायथागोरसचं प्रमेय आणि त्याचा व्यत्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिने स्वतः ओळखलं होतं. व्यत्यास पुढच्याच पानांवर होता. मी पुस्तक उघडू दिलं नाही. दोन शुक्रवार गेले. तिसऱ्या शुक्रवारी तिघींनी मिळून मार्ग काढला. काटकोनाच्या बाजू तीन आणि चार फूट असलेला एक काटकोन त्रिकोण वेगळा काढायचा. प्रमेयावरून त्याचा कर्ण पाचच येणार. मग तो आणि अण्णांचा त्रिकोण बाबाबा कसोटीने एकरूप, म्हणून अण्णांचा कोपराही काटकोन. आता चौकटी नव्हत्या आणि ‘का?’ला उत्तर होतं.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्याच आहेत. नवा अभ्यासक्रम घडवणाऱ्यांनी कृती ठेवावी, पण भूमितीच्या पेपरात पुस्तकात नसलेली एक लहान सिद्धता सक्तीची करावी, तीन ओळींची का असेना, आणि अर्धवट तर्कालाही गुण द्यावेत. शाळेच्या हातातल्या २० पैकी काही गुण तोंडी सिद्धतेला ठेवावेत. सेमीच्या वर्गातही सिद्धता आधी मराठीत बोलून घ्यावी, कागदावर मग कोणत्याही भाषेत उतरवावी. यासाठी इमारत लागत नाही, संगणक लागत नाही. आठवड्यातला एक तास लागतो आणि मुलाने आपल्याला अडवलं तर ते ऐकून घेण्याची तयारी लागते.

ती मुलगी पुढे वाणिज्य शाखेला गेली. भूमिती तिला आता लागणार नाही. पण परवा बाजारात भेटली, तेव्हा बचत गटाच्या एका कर्जाच्या कागदावर बोट ठेवून विचारत होती, “बाई, हा आकडा कशावरून आला, ते यात कुठंच लिहिलेलं नाही.”